कवायतीच्या तासाला बायका नव्हत्या

दांडीच्या खालच्या पाड्यावर एकशिक्षकी शाळा होती आणि ती तीन वर्षं जमना तामोरे चालवत होती. चालवत होती म्हणजे खरंच चालवत होती. तिच्या आधीचा मास्तर महिन्यातून चार दिवस यायचा, मासळीचा वास सोसत नाही म्हणून दारातच खुर्ची टाकून बसायचा आणि पोरांना उन्हात पाढे ओरडायला लावून स्वतः डुलक्या काढायचा. त्यानं बदली करून घेतली. दुसरा कुणी त्या पाड्यावर पाय ठेवायला तयार होईना, तेव्हा सातवी फायनल पास झालेली ही मांगेल्यांची, मासेमारांच्या घरातली, सून सरकारला आठवली. ट्रेनिंग नाही, अनुभव नाही, पण पाड्यातच राहते, कुठं जाणार आहे, अशा हिशेबानं तिला नेमलं.

जमना खुर्चीवर बसली नाही. खुर्ची तिनं पाण्याच्या मडक्याला दिली आणि स्वतः पोरांच्या घोळक्यात चटईवर बसली. काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील मोजत पोरं शंभरापर्यंत गेली, मग शंभरावरून उलटी खाली आली. तिसऱ्या वर्षी पाड्यातली अशी अवस्था होती, की पोरांचे बाप बंदरावर दलालाशी बोलताना पोराला शेजारी उभं करायचे. दलाल चुकला तर पोरगं बोलायचं. दलालांना जमना आवडत नव्हती, यातच तिचं सगळं प्रमाणपत्र आलं.

पण सरकारला वेगळं प्रमाणपत्र हवं होतं. पासष्ट साली कागद आला. ट्रेनिंग न झालेल्या शिक्षकांनी दोन वर्षांचा पी.टी.सी.चा अभ्यासक्रम पुरा करावा, नाहीतर जागा खाली करावी.

घरात निर्णय घ्यायची ती सासू, काशीबाई. नवरा दामू वर्षाचे आठ महिने होडीवर, आणि उरलेले चार महिने आईच्या शब्दात. काशीबाई रोज मासळीची टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. तिचे गुडघे सुजलेले होते आणि टोपली उचलायला सून मिळेल म्हणून तिनं सून आणली होती, हे ती स्वतःच चारचौघींत सांगायची. तरी तिनं दोन वर्षं दिली.

"दोन वरसं मी टोपली उचलते," ती म्हणाली. "पास झालीस तं तू मास्तरीण. नाय झालीस तं दुसऱ्या दिवशी टोपली तुझ्या डोक्यावर, आनि शाळेचं नाव परत या घरात काढायचं नाय."

जमनानं मान डोलवली. तिला वाटलं, शिकवता तर येतंच आहे, नापास कशाला होईन. ती दोन वर्षं पाड्यावरच्या शाळेला कुलूप लागलं; सुट्टीत घरी आली की ती पोरांना बंदरावरच शिकवत बसायची.

ट्रेनिंग कॉलेज पालघरच्या बाजूला होतं. नव्वद पुरुष आणि सहा बायका. पहिल्याच आठवड्यात जमनाच्या ट्रंकेतल्या सुक्या जवळ्याचा वास आला म्हणून बाकीच्या पाच जणींनी ट्रंक व्हरांड्यात नेऊन ठेवली. मग वळकटीही नेली. मग जमनाही तिथंच झोपू लागली. आत तिला सुकट म्हणायच्या. महिन्याभरात ट्रंकेतला जवळा अर्धा झाला. जमनानं एक दिवस जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, की बायांनो, सुकट म्हणता ते ठीक, पण निदान तळून खाता की कच्चीच? त्यानंतर तिच्याशी कुणी बोलेना.

सकाळी सहाला मैदानावर कवायत व्हायची. आत्माराम मास्तर शिट्टी फुंकायचे आणि नव्वद पुरुष हात वर, हात बाजूला, हात खाली करायचे. आत्माराम मास्तर म्हणजे कॉलेजचा कणा. पाठ कसा घ्यायचा ते शिकवायचे तेच, कवायत शिकवायचे तेच, आणि वर्षाअखेर कॉलेजकडचे गुण भरायचेही तेच. बायकांनी मैदानात हातपाय हलवणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्या तासाला सहा बायका व्हरांड्यात टकळी घेऊन सूत काढायच्या. जमनानं एकदा विचारलं होतं, की उद्या आम्हालाही शाळेत कवायत घ्यावी लागेल, तर आम्हाला कोण शिकवणार? मास्तर हसले आणि म्हणाले, बाई, तुमच्या पाड्यावरची पोरं जन्मतःच वल्ही मारतात, त्यांना कसली कवायत! सगळे हसले. ती टकळीकडं वळली. दोन वर्षं तिच्या कानावर फक्त शिट्टी आली.

तिच्याशी माणसासारखं बोलायचा तो एकटा झिपरू. पूर्वेकडच्या डोंगरातला वारली, अख्ख्या कॉलेजात एकच. त्याचा नंबर हजेरीत शेवटचा आणि चहा आणायला पहिला. मास्तर मंडळी त्याला नावानं हाक मारायचीच नाहीत, नुसता रिकामा कप पुढं करायची. दुपारी जांभळाखाली दोघं एकमेकांवर पाठ घ्यायचे. जमना शिकवायची तेव्हा झिपरू म्हणजे दुसरीचा वर्ग, झिपरू शिकवायचा तेव्हा जमना.

"तू शिकवतीस तं मला खरंच कळतं," तो एकदा म्हणाला. "मास्तर शिकवतात तं फकस्त लिवून घेता येतं."

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस परीक्षेचे पाठ असायचे. बाहेरगावचा परीक्षक यायचा, वर्गाच्या मागं बसायचा आणि तुम्ही अर्धा तास शिकवायचं. त्या अर्ध्या तासावर दोन वर्षं तोलायची. त्याच्या आठ दिवस आधी आत्माराम मास्तरांनी वर्गाचं दार लावून घेतलं आणि पुस्तकात नसलेला एक धडा दिला. परीक्षक काही ऐकत नसतो, ते म्हणाले, तो हात मोजतो. प्रश्न विचारल्यावर सगळे हात वर गेले की पाठ उत्तम. म्हणून आदल्या दिवशी पोरांना सांगून ठेवायचं, की ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. हात सगळ्यांनी वर करायचाच. तुम्ही फक्त उजव्या हातवाल्याला उठवायचं. पंधरा वर्षं मी हे सांगतोय आणि पंधरा वर्षं माझी मुलं पास होतायत.

शहाण्णव जणांनी ते ऐकलं. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. जमनाला थोडं वाटलं, पण काशीबाईचे गुडघे आठवल्यावर तेही वाटेनासं झालं.

सराव शाळेतली पोरं या खेळात तयार होती. वर्षानुवर्षं ट्रेनिंगवाल्यांचे पाठ सोसून त्यांचे हात आपोआप वर जायचे. पण त्या मार्चात सराव शाळेत गोवराची साथ आली आणि पहिली-दुसरीचे वर्ग बंद झाले. ज्यांना ते वर्ग आले होते त्यांचे पाठ पालघरजवळच्या माहीमच्या रस्त्याला लागून असलेल्या एका वाडीतल्या शाळेत हलवले. तिथल्या पोरांनी ट्रेनिंगवाला कधी पाहिलेलाच नव्हता. जमनाला चिठ्ठी आली ती दुसरीची, गणित, वजन. झिपरूला त्याच शाळेतली पहिली.

जमनानं साहित्य स्वतः बनवलं. दोन करवंट्या, बांबूची कांब आणि दामूनं दिलेलं जाळ्याचं सूत. असा सुरेख तराजू झाला, की झिपरू त्यात चिंचोके टाकून पोरासारखा खेळत बसला. आदल्या दिवशी तिला वर्गाबरोबर अर्धा तास मिळाला. पंचवीस मिनिटं ती पोरांना तराजू हाताळायला देत बसली. पोरं खूश. शेवटच्या पाच मिनिटांत तिला हात आठवले. दुसरीच्या पोरांना उजवं-डावं धड कळत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती फळ्यापुढं उभी राहिली, पोरांकडं तोंड केलं, आपला उजवा हात वर केला आणि सांगितलं, येत असेल तर हा. मग डावा वर केला. येत नसेल तर हा. समोरच्या तीस पोरांनी तसंच करून दाखवलं. तिला फार बरं वाटलं. तेवढ्यात घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मागं बसले. शेजारी आत्माराम मास्तर. तराजू बाहेर आला तसा परीक्षकांनी रुमाल नाकाला लावला, कारण जाळ्याच्या सुताचा वास धुवून जात नाही. जमनानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एका करवंटीत दगड ठेवला, दुसरीत चिंचोके. जड कुठलं, तिनं विचारलं.

तीस हात वर गेले. बावीस डावे, आठ उजवे. जमनाला एवढ्या थोड्या उजव्या हातांचं आश्चर्य वाटलं. तिनं पहिला उजवा हात उठवला. पोरगं उभं राहिलं आणि गप्प राहिलं. तिनं दुसरा उठवला. तो रडायला लागला. काल ज्या पोरांनी तराजू हातात धरून उत्तरं दिली होती, ती सगळी डावे हात उंचावून बाकावरून अर्धी उठली होती, बोटं हलवत होती. तिनं तिसरा उजवा हात उठवला, आणि पुढच्या बाकावरची एक पोरगी न राहवून ओरडली, की बाय, दगड जड, दगड!

परीक्षकांनी रुमाल खिशात घातला आणि उठून पुढं आले. त्यांनी पोरीला नाव विचारलं. पारू, ती म्हणाली.

"तुला उत्तर येत होतं, तर हा हात का वर केलास, पारू?"

"बायनी सांगलं. येत आसल तं हा, नाय तं हा."

परीक्षकांनी पुन्हा सगळ्या वर्गाला विचारलं. वर्गानं अभिमानानं दोन्ही हात करून दाखवले. मग त्यांनी जमनाला पोरांसमोर उभं केलं आणि काल कसं दाखवलंस ते दाखव म्हणाले. तिनं उजवा हात वर केला. समोर तीस डावे हात वर गेले. त्या क्षणी तिला कळलं. पोरं आरशासारखी समोर होती. तिच्या हाताच्या समोर त्यांचा जो हात आला, तोच त्यांनी उचलला. परीक्षकांनी तिला हात खाली घेऊ दिला नाही. खिडकीत शाळेचा गडी आणि दोन बायका येऊन उभ्या राहिल्या तोपर्यंत तिला तसंच उभं ठेवलं.

"फसवायचं तर निदान नीट फसवायचं, बाई," परीक्षक म्हणाले. "हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

जमनानं मागं बसलेल्या आत्माराम मास्तरांकडं पाहिलं. मास्तर वहीत काहीतरी लिहीत होते. एक शब्द पुरला असता. पण तिनं मनात झटपट मांडणी केली. परीक्षकांचे गुण तर गेलेच. कॉलेजचे गुण मास्तरांच्या हातात. नाव घेतलं तर तेही जातील, नाही घेतलं तर माणूस उपकार ठेवेल.

"कुनी नाय, साहेब," ती म्हणाली. "माजंच डोकं."

शेजारच्या खोलीत झिपरूचा पाठ झाला. पहिलीच्या पोरांनी उजवे आणि डावे हात अगदी जागच्या जागी वर केले. परीक्षकांनी त्याला साठ गुण दिले, आणि मग त्यालाच चहा आणायला पाठवलं.

संध्याकाळी झिपरू आणि ती परतीच्या वाटेला लागली. झिपरूनं विचारलं, की तू पोरांकडं तोंड करून हात दाखवलास का? ती म्हणाली, मग काय पाठ करून दाखवू? तो थांबला.

"बाय, कवायतीत पयल्याच दिवशी सांगतात ना. मास्तरनी पोरांच्या समोर उबा रायला तं डावा दाखवायचा, म्हंजे पोरं उजवा करतात. नाय तं पाठमोरं उबा रायचं."

जमना रस्त्यातच खाली बसली. तेव्हा त्यानं उरलेलंही सांगितलं, सांगायला नको होतं तरी. चहा देताना त्यानं ऐकलं होतं. परीक्षक मास्तरांना हसत म्हणत होते, की आमच्या वेळेलाही हेच हात होते, फक्त आम्ही पाठमोरे उभे राहायचो. आणि मास्तरही हसत होते.

चार दिवसांनी आत्माराम मास्तरांनी तिला बोलावलं. तू माझं नाव घेतलं नाहीस हे फार चांगलं केलंस, म्हणाले. तिला वाटलं, आता येईल उपकार. मास्तरांनी समजावून सांगितलं, की परीक्षकांनी लबाडी म्हणून शेरा दिलाय, आता मी भरघोस गुण दिले तर साहेबांना माझाच संशय येईल, तेव्हा मलाही हात आखडावा लागणार. तू समंजस आहेस. तुला कळेल.

शहाण्णवांत पंच्याण्णव पास झाले.

काशीबाई शब्दाची पक्की होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं टोपली जमनाच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः गुडघ्यांना तेल चोळत बसली. तिनं एकही बोल लावला नाही. पाड्यातल्या बायांनी मात्र सोडलं नाही. विहिरीवर जमना आली की एखादी विचारायची, मास्तरीणबाय, कुठल्या हातानं पानी काढू? गोष्ट माहीमपासून दांडीपर्यंत तिच्या आधी पोचली होती.

जूनमध्ये खालच्या पाड्यावर ट्रेनिंग झालेला मास्तर आला. झिपरू. त्यानं मागितली नव्हती ती जागा. त्याला समुद्र जवळून पाहण्याचीही सवय नव्हती, भरतीचा आवाज झाला की दचकायचा. पहिल्याच दिवशी तो जमनाच्या दारात आला आणि उभाच राहिला. काशीबाईनं त्याला ओटीवर घेतलं नाही, पाणी दिलं ते करवंटीत. जंगलातला मानूस आमच्या पोरांना काय शिकवनार, ती जमनाला म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. दोन वर्षं ज्याच्यापुढं बसून जमना शिकवायला शिकली, तो समोर करवंटीतलं पाणी पीत होता, आणि जमना घराचा कूड धरून उभी राहिली. जागा माझी, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

तरी झिपरू दर आठवड्याला यायचा. कोण कुठवर आलंय, कुणाला काय येतं, ती कसं मोजायला शिकवायची, हे तो विचारायचा. ती टोपली उतरवता उतरवता तुटक सांगायची. डिसेंबरात तो म्हणाला, की तपासणी हाय, पयलं वरीस हाय, शेरा चांगला बसला तं कायम होईन.

त्या रात्री जमनाला झोप आली नाही. साहेब येणार. साहेबाला जर दिसलं, की ही पोरं दुसऱ्या कुणापुढं बोलतच नाहीत, तर त्याला विचारावंच लागेल, की आधी कोण होती? ही आशा तिला अगदी साधी, अगदी न्यायाची वाटली. सकाळी बंदरावर पोरं तिच्याभोवती जमली तेव्हा तिनं सांगून टाकलं. साहेब आला की हात वर करायचा नाय. कुनीच नाय. काय पन विचारू दे. पोरांनी कारण विचारलं नाही. जमनाबाय सांगते म्हणजे बरोबर.

तपासणीच्या दिवशी झिपरूनं हाताची कसलीही युक्ती केली नव्हती. त्याला गरजच वाटली नव्हती, पोरांना सगळं येत होतं. साहेबांनी बारा प्रश्न विचारले. दांडीच्या खालच्या पाड्यावर एकही हात वर गेला नाही. साहेबांनी शेवटी विचारलं, की पाचात पाच मिळवले तर किती? चाळीस पोरं मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

आधी कोण होती, हे साहेबांनी विचारलंच नाही. त्यांनी लिहिलं, की पाड्यावरची मुलं शिकण्यास असमर्थ असून शिक्षक निष्क्रिय आहे. झिपरूला कामावरून कमी केलं. शाळा तूर्त बंद झाली. मुलांनी मोठ्या गावच्या शाळेत जावं असं ठरलं. ती शाळा खाडीपलीकडं अडीच मैल होती, म्हणजे कुणीच जाणार नव्हतं.

जायच्या आधी झिपरू परत दारात आला. या वेळी त्यानं पाणी घेतलं नाही.

"पोरांना येत होतं, बाय," तो म्हणाला. "मला ठावं हाय."

त्याला कळलंय हे तिला कळेपर्यंत तो तिच्याकडं बघत राहिला. मग डोंगराच्या वाटेला लागला. त्याच्या पिशवीत करवंटीचा तो तराजू होता. तिनंच कधीतरी दिलेला.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात बोईसरकडून येणाऱ्या रस्त्याचं काम निघालं. तिकडं तारापूरला अणुविजेचं मोठं केंद्र उभं राहत होतं आणि खडी, माती, माणसं यांचा खच पडला होता. पाड्यातली बारा-तेरा वर्षांची पोरं कामाला आली. तीन वर्षांपूर्वी ती चटईवर बसून बोंबील मोजायची. जमना त्याच रस्त्यानं बाजारात चालली होती. टोपली भरलेली, दोन्ही हात टोपलीला.

मुकादम उत्तरेकडचा होता. त्याला खडीच्या गाड्या मोजायला, सावलीत बसून रेघा मारायला एक पोर हवं होतं. त्यानं दांडीच्या पोरांची रांग लावली आणि विचारलं, "गिनती किसको आती है? सौ तक? हाथ उठाओ."

पोरांनी मुकादमाकडं पाहिलं. मग त्यांना रस्त्याच्या कडेला उभी जमनाबाय दिसली. सगळ्या रांगेनं तिच्याकडं पाहिलं आणि हात मांड्यांना चिकटवून घेतले.

तिनं ओरडायला तोंड उघडलं. टोपली एका हातावर कलली, चार पापलेटं रस्त्यात पडली, आणि ती सावरेपर्यंत मुकादम पुढं गेला होता.

"सब अनपढ़," तो म्हणाला, आणि एकेकाच्या डोक्यावर घमेलं ठेवत निघाला.